जहाज नसलेले खलाशी

युद्धाच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा, आणि फार मायेने सांगितली जाते. जमिनीवरची फळी मोडू लागते, पायदळ अपुरे पडते, आणि मग आरमाराची माणसे किनाऱ्यावर उतरतात. अंगावर खलाशाचा गणवेश, हातात ऐनवेळी मिळालेली बंदूक, पण पाऊल मागे घेत नाहीत. अँटवर्प, डिक्समूड, गॅलिपोली, सेव्हास्तोपोल ही नावे अशा गोष्टींतूनच आपल्यापर्यंत आली आहेत. सांगणारा थांबतो तो शौर्यावर, आणि ऐकणाराही तिथेच थांबतो.

माझा आक्षेप या थांबण्यावर आहे. पायदळ म्हणून लढलेल्या खलाशांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर धैर्य जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आढळते. ते जिंकले तिथे आढळते आणि कापले गेले तिथेही आढळते. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, तिच्यावरून दोन्हींतला फरक समजत नाही. तो समजायला तीन प्रश्न विचारावे लागतात. खलाशांनी जहाजावरची आपली विद्या आणि हत्यार सोबत आणले होते का? पायदळाचे काम शिकायला त्यांना वेळ मिळाला का? आणि ही माणसे जमिनीवर उतरवण्याचा निर्णय कोणी, कशासाठी घेतला? शौर्याची गोष्ट या तिन्ही प्रश्नांवर पांघरूण घालते. म्हणून ती अपुरी आहे, आणि ज्यांच्याविषयी ती सांगितली जाते त्यांच्यावर अन्याय करणारीही आहे.

एकच युद्ध, एकच नौदल, दोन निकाल

सुरुवात बोअर युद्धापासून करू, कारण तिथे तुलना जवळजवळ प्रयोगासारखी मिळते. ऑक्टोबर १८९९ मध्ये लेडीस्मिथ शहराला बोअर फौजांचा वेढा पडत होता. त्यांच्या लांब पल्ल्याच्या तोफांना उत्तर देईल असे काही ब्रिटिश लष्कराकडे नव्हते. नौदलाचे कॅप्टन पर्सी स्कॉट यांनी जहाजावरच्या ४.७ इंची तोफांसाठी जमिनीवर वापरता येतील असे गाडे घाईने तयार करवले. ३० ऑक्टोबरला, लष्कराचा शहराबाहेर पराभव होत असतानाच, ‘पॉवरफुल’ या युद्धनौकेची तुकडी तोफांसह लेडीस्मिथमध्ये पोहोचली. वेढा २८ फेब्रुवारी १९०० पर्यंत चालला. शहर टिकले, त्यात या तोफांचा वाटा मोठा होता.

महिना उलटायच्या आत, २५ नोव्हेंबरला, त्याच नौदलाची दुसरी तुकडी ग्रासपान इथे एका टेकडीवर पायी चालून गेली. तीत बहुतेक मरीन होते आणि थोडे खलाशी. हातात बंदुका, पुढे उघडे मैदान, वर खडकांआड बसलेले नेमबाज बोअर. अधिकारी पुढे होते, रांग दाट होती. टेकडी मिळाली, पण चढाई करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मेले किंवा जखमी झाले. ग्रासपानची माणसे लेडीस्मिथच्या माणसांपेक्षा कमी शूर नव्हती, उलट त्या दिवशी त्यांच्याकडून जास्त धैर्य मागितले गेले. फरक होता तो कामात. एका तुकडीला तिचे स्वतःचे काम मिळाले होते. दुसरीला अशा गोळीबारापुढे चालायला लावले, जिथे विखरून, आडोसा घेत, टप्प्याटप्प्याने सरकणे हीच विद्या होती, आणि जहाजाच्या डेकवरची कवायत ती शिकवत नाही.

तोफ म्हणजे जहाजाचा तुकडा

असे का होते, हे समजायला जहाजावरचे काम कसे चालते ते पाहायला हवे. युद्धनौकेवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तोफेभोवतीच्या टोळीत एक जण गोळा आणतो, एक भरतो, एक नेम धरतो, एक नळी साफ करतो. महिनोन्महिने तीच माणसे तेच काम करतात. जवळचा मेला तर त्याचे काम कोणी करायचे हेही ठरलेले असते. आणि मुख्य म्हणजे पळायला जागा नसते. जहाज जाईल तिथे सगळे जातात. ही शिस्त विलक्षण मजबूत असते, पण ती त्या टोळीत आणि त्या यंत्रात गुंफलेली असते. तोफ जमिनीवर आणली की टोळीही अखंड येते. तोफ मागे ठेवून माणसे तेवढी आणली, तर टोळीला धरून ठेवणारा कणाच जहाजावर राहतो.

आपल्या इतिहासाशी थेट जोडलेले उदाहरण १८५७ चे आहे. कॅप्टन विल्यम पील यांची ‘शॅनन’ ही युद्धनौका चीनच्या मोहिमेवर होती, ती कलकत्त्याकडे वळवली गेली. तिथून तिचे खलाशी जहाजावरच्या अवजड तोफांसह गंगेतून अलाहाबादपर्यंत आले. नोव्हेंबरमध्ये लखनौच्या शाह नजफ या मकबऱ्यापाशी या तोफा भिंतीच्या अगदी जवळ नेऊन डागल्या गेल्या. ६ डिसेंबरला कानपूरला तात्या टोपे यांच्या फौजेशी लढाई झाली. त्याआधीच्या आठवड्यात तात्यांनी जनरल विंडहॅम यांच्या फौजेला मागे रेटून शहर ताब्यात घेतले होते. सहा तारखेला ‘शॅनन’च्या माणसांनी एक चोवीस पौंडी तोफ हातांनी ओढत कालव्याच्या पुलावर नेली आणि पायदळाच्या बरोबरीने पुढे रेटली. तात्यांची फौज हटली. आपली सहानुभूती कुठे आहे हे सांगायची गरज नाही. तरीही तात्यांचा पराभव नुसत्या ‘कवायती फौजेने’ केला असे लिहून आपण पुढे जातो, तेव्हा त्या दिवशी पुलावर काय उभे होते हे सुटून जाते. आगगाडी पोहोचत नव्हती आणि वेढा फोडण्याच्या अवजड तोफांची चणचण होती, अशा वेळी तिथे जहाजावरची तोफ आणि ती चालवणारी अख्खी टोळी उभी होती.

क्रिमियाच्या युद्धात रशियनांनी याच गोष्टीचा सर्वांत मोठा वापर केला. सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांनी सेव्हास्तोपोलच्या बंदराच्या तोंडाशी आपलीच काही जहाजे बुडवली, आणि आरमाराच्या तोफा व माणसे बुरुजांवर चढवली. कॉर्निलोव, इस्तोमिन आणि नाखिमोव हे तिन्ही ॲडमिरल त्याच तटबंदीवर मारले गेले. शहर जवळजवळ वर्षभर झुंजले. तिथे खलाशांना पायदळ बनवले होते असे म्हणणे चूक ठरेल. तिथे बुरुजालाच जहाज बनवले होते.

अँटवर्प: हातात फक्त बंदूक

आता उलट बाजू. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनकडे राखीव नौसैनिकांपैकी वीस-तीस हजार माणसे अशी होती, की त्यांना द्यायला जहाजे नव्हती. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यांच्यातून जमिनीवर लढणारी तुकडी उभी करायचे ठरवले. तीच पुढे रॉयल नेव्हल डिव्हिजन म्हणून ओळखली गेली. पलटणींना ड्रेक, हॉक, नेल्सन, हूड, अॅन्सन अशी दर्यावर्दी सेनानींची नावे मिळाली. नावे दोन दिवसांत देता येतात. पायदळ दोन दिवसांत होत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बेल्जियमचे अँटवर्प पडायला आले, तेव्हा आधी मरीनांची ब्रिगेड आणि मागोमाग खलाशांच्या दोन ब्रिगेड तिथे धाडल्या गेल्या. खलाशांना बंदुका निघण्याच्या काही दिवस आधी मिळाल्या होत्या. अनेकांनी त्यातून एकही गोळी झाडली नव्हती. बऱ्याच जणांकडे ओव्हरकोट नव्हते, पाण्याच्या बाटल्या नव्हत्या, संगीन खोचायला पट्टा नव्हता. समोर जर्मनांच्या वेढ्याच्या अवजड तोफा होत्या, ज्यांनी बेल्जियमचे काँक्रीटचे किल्ले फोडले होते. ८ ऑक्टोबरच्या रात्री माघारीचा हुकूम निघाला, पण तो एका ब्रिगेडच्या तीन पलटणींपर्यंत वेळेवर पोहोचला नाही. सुमारे दीड हजार माणसे हॉलंडच्या हद्दीत शिरली आणि तटस्थ देशाच्या नियमानुसार युद्ध संपेपर्यंत तिथे नजरकैदेत अडकली. आणखी आठ-नऊशे जर्मनांच्या हाती लागली. मेलेल्यांची संख्या मोठी नव्हती, म्हणून ही हकिकत सौम्य वाटते. पण तीन पलटणी जवळजवळ संपल्या होत्या. पंतप्रधान ॲस्क्विथ यांचा स्वतःचा मुलगा या तुकडीत होता, आणि त्यांनी खासगी पत्रात या सगळ्या प्रकाराबद्दल तीव्र संताप व्यक्त केला.

त्या ठिकाणी धैर्याने काय करता आले असते? माघारीचा हुकूम एका ब्रिगेडकडून दुसरीकडे पोहोचवणे, फळी सोडताना शेजारच्या तुकडीशी संपर्क ठेवणे, रात्री अनोळखी रस्त्याने पलटण बाहेर काढणे ही पायदळाच्या कारकुनीची, सरावाची, सवयीची कामे आहेत. शौर्यगीतात ती येत नाहीत. माणसे मात्र त्यांच्या अभावीच हरवतात.

माणसे नेमकी कोणाची?

मग ही माणसे सरळ लष्कराला का दिली नाहीत? लष्कराने त्यांना सहा महिने शिकवले असते, अनुभवी अधिकारी दिले असते, तयार पलटणींत मिसळले असते. तसे झाले नाही, कारण नौदलाला आपली माणसे आपल्याच हाती ठेवायची होती आणि चर्चिल यांना हाताशी एक फौज हवी होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मूळ इथे आहे. खलाशी पायदळात लढतो तेव्हा रणांगणाच्या फार आधी, एखाद्या दालनात, दोन खात्यांच्या हद्दीचा वाद झालेला असतो.

हा दोष एकट्या ब्रिटनचा नाही. १९४२ मध्ये जर्मन भूदलाला माणसांची निकड होती, तेव्हा गोअरिंग यांनी वायुदलातली जादा माणसे भूदलात वर्ग करण्याऐवजी वायुदलाच्याच वेगळ्या ‘फील्ड’ डिव्हिजन काढल्या. पायदळाचा अनुभव नसलेल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली त्या पूर्व आघाडीवर गेल्या आणि त्यांतल्या अनेक पहिल्याच मोठ्या आघातात विस्कटल्या. १९४५ मध्ये जर्मन नौदलाने तेच केले. इंधन आणि जहाजे संपलेल्या खलाशांच्या डिव्हिजन ओडर नदीवर उभ्या केल्या. प्रत्येक वेळी कारण देताना ‘आणीबाणी’ हा शब्द वापरला गेला. पण जादा माणसे दुसऱ्या खात्याला देणे हाही आणीबाणीतच घेता येण्यासारखा निर्णय होता.

याची एक किंमत समुद्रावरही मोजली जाते, आणि ती शौर्यकथेत कधीच येत नाही. अनुभवी आगवाला, सिग्नलवाला, तोफखान्याचा कसबी माणूस घडायला वर्षे लागतात. गॅलिपोलीत लढत असलेल्या याच नेव्हल डिव्हिजनमधून १९१५ च्या उन्हाळ्यात बॉयलरवर काम केलेली माणसे परत मागवावी लागली, कारण आरमाराला ती हवी होती. जी माणसे परत मागवण्याइतकी मोलाची होती, ती आधी खंदकात का धाडली, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

डिक्समूडचे काय?

पहिला आक्षेप फ्रेंचांच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. अँटवर्प पडले त्याच महिन्यात रिअर ॲडमिरल रोनार्क यांच्या हाताखालच्या सुमारे सहा हजार फ्रेंच नौसैनिकांनी इझर नदीकाठचे डिक्समूड गाव १६ ऑक्टोबरपासून १० नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवले. बहुतेक ब्रिटनी प्रांतातली तरुण पोरे. गाव शेवटी पडले, पण तोवर न्यूपोर्टची झडपे उघडून बेल्जियनांनी इझरकाठचा सखल प्रदेश पाण्याखाली घातला होता आणि जर्मनांची वाट बंद झाली होती.

हे यश मी नाकारत नाही. पण ते कसे मिळाले ते पाहा. काम होते एक पूल आणि एक गाव न सोडण्याचे, म्हणजे ठरलेल्या जागी उभे राहण्याचे. जहाजाची शिस्त याच कामाला सर्वांत जास्त उपयोगी पडते. शिवाय फ्रेंच नौदलात जमिनीवरच्या लढाईचे शिक्षण घेतलेल्या नौसैनिकांची जुनी परंपरा होती, आणि ब्रिगेडच्या गाभ्याला तिचा आधार होता. बाजूला बेल्जियन तोफखाना होता. सेनेगाली पलटणीही तिथे लढल्या आणि मेल्या, ज्यांची नावे डिक्समूडच्या कथेत फार खाली येतात. एवढे असूनही ब्रिगेडची निम्म्याच्या आसपास माणसे कामी आली किंवा निकामी झाली. आणि १९१५ च्या अखेरीस फ्रान्सनेच ही ब्रिगेड मोडली, फक्त एक पलटण ठेवली, कारण पाणबुड्यांशी लढायला समुद्रावर माणसे हवी होती. डिक्समूडच्या विजेत्यांनाच आपला प्रयोग पुढे चालवावासा वाटला नाही.

ब्यूकूर आणि नावाचे सामर्थ्य

दुसरा आक्षेप असा की रॉयल नेव्हल डिव्हिजन पुढे ब्रिटिश फौजेतल्या नावाजलेल्या डिव्हिजनांपैकी एक झाली. नोव्हेंबर १९१६ मध्ये आंक्र नदीकाठी तिने ब्यूकूर गाव घेतले. हूड पलटणीचे बर्नार्ड फ्रायबर्ग पुन्हा पुन्हा जखमी होऊनही पुढे राहिले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग खलाशांचे उत्तम पायदळ होते, हे सिद्ध झाले नाही का?

अँटवर्प आणि ब्यूकूर यांच्यामध्ये दोन वर्षे आहेत, आणि त्या दोन वर्षांत काय झाले यातच उत्तर आहे. ब्लँडफर्डच्या छावणीत शिक्षण झाले. गॅलिपोलीत आठ महिने गेले. तिथे ४ जून १९१५ ला क्रिथियाच्या लढाईत नुकतीच दाखल झालेली कॉलिंगवुड पलटण उजवी बाजू उघडी पडल्यामुळे पहिल्याच हल्ल्यात अशी कापली गेली, की ती पुन्हा उभी केलीच नाही. उरलेली माणसे इतर पलटणींत वाटली. एप्रिल १९१६ मध्ये डिव्हिजन अखेर लष्कराच्या ताब्यात गेली, पुढे तिला ६३ क्रमांक मिळाला आणि फ्रान्समध्ये पुन्हा शिक्षण झाले. शिवाय १९१४ पासूनच तिच्यात उत्तर इंग्लंडचे खाणकामगार मोठ्या संख्येने भरती झाले होते, ज्यांचा समुद्राशी काही संबंध नव्हता. ब्यूकूर घेतले ते पायदळाने. त्याच्या टोपीवर नौदलाचे नाव होते.

तरीही त्या नावाचे मोल मी कमी लेखणार नाही. खंदकातही ही माणसे आरमाराचे हुद्दे वापरत, छावणीबाहेर जायचे तर किनाऱ्यावर जाण्याची परवानगी मागत, दाढी राखण्याचा हक्क सोडत नसत. १९१६ च्या शरद ऋतूत आलेल्या जनरल शूट यांना हे सगळे खटकले आणि त्यांनी ते मोडायचा प्रयत्न केला. पलटणींनी त्याला दाद दिली नाही, आणि मला वाटते त्यांचेच बरोबर होते. ओळख माणसांना एकत्र बांधते, नव्याने आलेल्या खाणकामगारालाही. पण ओळखीने कौशल्य येत नाही. ते दोन वर्षांच्या शिक्षणाने आणि आधी मेलेल्यांच्या किमतीने आले होते.

दुसरा मार्गच नसेल तर?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. शत्रू वेशीत असेल तेव्हा कौशल्याचा विचार कोण करतो? ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस जर्मन आणि रुमेनियन फौजा सेव्हास्तोपोलजवळ आल्या, तेव्हा शहराकडे सुरुवातीला पुरेसे पायदळ नव्हते. सोव्हिएत नौदलाच्या पलटणी थेट फळीवर गेल्या. शहर जुलै १९४२ च्या सुरुवातीपर्यंत, सुमारे अडीचशे दिवस, लढले. इथे मी मान्य करतो की त्या पहिल्या आठवड्यांत खलाशांना खंदकात धाडणे योग्यच होते. किनाऱ्यावरच्या नौदलाच्या पक्क्या तोफा मागे होत्या, आणि पर्याय शहर सोडण्याचा होता.

पण तिथेही गोष्ट शौर्यावर थांबवली, तर शेवट दिसत नाही. शेवटच्या दिवसांत वरिष्ठ सेनानी आणि अधिकारी विमानांनी व पाणबुड्यांनी बाहेर काढले गेले. हजारो खलाशी आणि सैनिक खेर्सोनेसच्या भूशिरावर दारूगोळा आणि पाण्याविना उरले आणि कैदेत गेले. त्यांना समुद्रमार्गे परत नेण्याची तजवीज झाली नव्हती.

आणि मनिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानी भूदलाचे सेनापती यामाशिता यांना ते शहर लढवायचे नव्हते, ते फौजा घेऊन डोंगरात गेले होते. रिअर ॲडमिरल इवाबुची यांनी मात्र सुमारे सोळा हजारांच्या, मुख्यतः नौदलाच्या फौजेसह शहर लढवले. बरेच जण बंदरातली आणि बुडालेल्या जहाजांवरची माणसे होती, जमिनीवरच्या लढाईचे शिक्षण नसलेली. इवाबुची १९४२ मध्ये ग्वाडलकॅनालजवळ बुडालेल्या ‘किरिशिमा’ युद्धनौकेचे कप्तान होते. ते वाचले होते. माघार घेता न येणारे शहर त्यांनी जहाजासारखे लढवले, पण त्या जहाजावर लाखो नागरिक होते. महिनाभरात सुमारे एक लाख फिलिपिनो मेले, जपान्यांच्या कत्तलींत आणि अमेरिकी तोफांच्या माऱ्यात. कत्तलींचा दोष शिक्षणाच्या अभावावर ढकलता येणार नाही, तो हुकूम देणाऱ्यांचा आणि पाळणाऱ्यांचा आहे. पण ‘शेवटच्या माणसापर्यंत’ या ध्येयाची जी स्तुती आपण अन्यत्र करतो, तिची मनिलातली बाजूही पाहायला हवी.

आपल्या किनाऱ्यावर

शेवटचा आक्षेप भावनेचा असेल: मेलेल्यांच्या शौर्याची अशी चिकित्सा करणे हा त्यांचा अनादर आहे. याचे उत्तर मी आपल्याच इतिहासातून देतो. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या मोहिमेत, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर भारतीय नौदलाने आपलेच नौसैनिक उतरवले. ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौका मागे होत्या. बेटावर पांढरे निशाण दिसले होते. होड्या किनाऱ्याकडे गेल्या आणि पोर्तुगीजांनी गोळीबार सुरू केला. जहाजांच्या तोफांच्या माऱ्यानंतर बेट हाती आले. सात नौसैनिक मृत्युमुखी पडले, एकोणीस जखमी झाले. गोव्यातल्या आयएनएस गोमंतकवर त्यांचे स्मारक आहे. जहाजावर काम करणाऱ्या माणसांना दिवसाउजेडी, उघड्या होड्यांतून, बंदुकांसमोर किनारा घ्यायला लावले होते. याच कामासाठी घडवलेले मरीन कमांडोंचे दल आपल्या नौदलात १९८७ मध्ये उभे राहिले. मधल्या सव्वीस वर्षांबद्दल विचारणे हा त्या सात जणांचा अनादर कसा होईल?

उलट दिशेचे उदाहरण घेतले की मुद्दा लगेच पटतो. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझारच्या दक्षिणेला गुरखा पलटणीचे जवान नौदलाच्या जहाजांतून किनाऱ्यावर उतरवले गेले. अशा उतरणीचा पुरेसा सराव त्यांना नव्हता. जहाज वाळूच्या दांड्यावर टेकले आणि दांड्यापलीकडे पाणी पुन्हा खोल होते. अंगावर पूर्ण सामान असलेले काही जवान बुडून मरण पावले. गुरख्यांच्या धैर्याबद्दल जगात कोणाला शंका नाही, आणि तरीही त्या प्रसंगाची शौर्यगाथा कोणी रचली नाही. सगळ्यांनी सराव, भरती-ओहोटी, तळाची पाहणी आणि नियोजन यांबद्दल विचारले. शिपायाला एका सकाळीत समुद्राचा माणूस बनवता येत नाही, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. ग्रासपान, अँटवर्प, क्रिथिया आणि अंजदीव यांच्याबद्दलही नेमके तेच प्रश्न, तितक्याच सरळपणे, विचारता येतात.